सात फुटांतला संसार: इंग्लंडच्या नॅरोबोटींची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्य भागातल्या जुन्या कालव्यांवर सात फुटांपेक्षा रुंद बोट चालत नाही. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत असते. या चिंचोळ्या बोटीला नॅरोबोट म्हणतात. पर्यटनाच्या जाहिरातींत तिच्या छतावर फुलांच्या कुंड्या, दारावर रंगवलेले गुलाब आणि धुराड्यातून निघणारा धूर दिसतो, आणि बोटीत राहणे ही कुणाची तरी निवांत आयुष्याची हौस असावी असे वाटते. प्रत्यक्षात बोटीत घर थाटण्याची पद्धत हौसेतून आलेली नाही. मालवाहतुकीचे दर कोसळले, मजूर परवडेनासे झाले आणि बायकामुलांना बोटीवर आणावे लागले, तेव्हा ती सुरू झाली.

आपल्याकडे कालवा म्हटले की धरणाचे पाणी, पाटकरी आणि आवर्तनाच्या तारखा आठवतात. हे कालवे शेतीसाठी खोदलेलेच नव्हते. ते कोळशाचे रस्ते होते. मँचेस्टरजवळ वर्स्ली येथे ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या कोळशाच्या खाणी होत्या. तिथला कोळसा शहरात आणण्यासाठी त्यांनी जेम्स ब्रिंडली या कारागिराच्या मदतीने कालवा काढला. बार्टन येथे तो जलसेतूवरून थेट अर्वेल नदी ओलांडत होता. १७६१ मध्ये तो सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. हिशेब सरळ होता. खडबडीत रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा टन-दोन टन माल ओढायचा, तर काठाच्या वाटेवरून चालत दोराने बोट ओढताना तोच घोडा २५ ते ३० टन माल नेऊ शकत होता.

ब्रिजवॉटर कालवा रुंद होता. सात फुटांचे माप आले ते पुढच्या कामात, ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्यात. १७६६ मध्ये त्याची पहिली कुदळ मारली ती कुंभारकामातले मोठे उद्योजक जोसाया वेजवूड यांनी. चिनी मातीची नाजूक भांडी रस्त्याने पाठवली की वाटेत फुटत, म्हणून त्यांना पाण्याचा मार्ग हवा होता. पण वाटेत हेअरकासलची टेकडी होती आणि तिच्या पोटातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा काढावा लागणार होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च आणि धोका जास्त. शिवाय चढउतारावर बोट वर-खाली नेणारी लॉक बांधायची होती. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. एक बोट उतरवायची तर अरुंद लॉकमधूनही वरच्या पातळीवरचे सुमारे सव्वा लाख लिटर पाणी खाली जाते. डोंगरमाथ्यावर एवढे पाणी पुन्हा पुन्हा आणायचे कुठून? ब्रिंडली यांनी लॉक अरुंद ठेवली, बोटी त्या मापाच्या झाल्या आणि आसपासच्या कालव्यांनीही तेच माप उचलले.

ब्रिंडली १७७२ मध्ये वारले, कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. त्यांच्या बोगद्यात घोड्यासाठी वाटच नव्हती. घोडा टेकडीवरून नेत आणि बोटवाले फळीवर आडवे पडून, बोगद्याच्या भिंतीवर पाय रोवत, अंधारात बोट पुढे रेटत. हे काम सुमारे तीन तास चाले. अखेर टॉमस टेलफर्ड यांनी शेजारी दुसरा बोगदा खोदला. तो १८२७ मध्ये खुला झाला आणि त्यात घोडवाट होती.

या पहिल्या काळात बोटवाल्यांची घरे बहुतेक जमिनीवरच होती. पुरुष आणि पोरगे बोट चालवत, बायका काठच्या गावांत राहत. १७९० च्या दशकात कालव्यांच्या शेअरमागे लोक वेडे झाले होते, तेव्हाही चित्र साधारण असेच होते. ते पालटले १८३० नंतर, लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाल्यावर. रेल्वेशी टिकायचे म्हणून कालवा कंपन्यांनी दर पाडले. काही कालवे तर रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले. ट्रेंट-मर्सी कालवा १८४६ मध्येच नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेकडे गेला. दर पडले तशी बोटवाल्याची कमाईही घटली. पगारी जोडीदार ठेवणे आणि गावातल्या घराचे भाडे भरणे, दोन्ही जमेना. मग बायको सुकाणूवर उभी राहिली, मुले घोड्यामागे चालू लागली आणि बोटीच्या शेपटाकडची खोली हेच घर झाले. बायकोच्या आणि मुलांच्या कामाचा वेगळा मोबदला नव्हता. मजुरी मिळे ती मालाच्या खेपेची.

ही खोली साधारण दहा फूट लांब आणि सात फुटांहून थोडी कमी रुंद. पायरी उतरताच हाताशी कोळशाची शेगडी. तिच्या पलीकडे एक कपाट, ज्याचे दार खाली पाडले की जेवणाचे टेबल होई. बाजूचा बाक रात्री झोपायच्या कामी येई आणि टोकाला आडव्या फळ्या पाडल्या की नवराबायकोचा पलंग. भिंतीवर लेस लावलेल्या चिनी मातीच्या ताटल्या, घासून लख्ख केलेली पितळेची बोंडे. आतून-बाहेरून, दारांवर, पाण्याच्या कॅनवर, अगदी बादलीवरही गुलाबांचे गुच्छ आणि किल्ल्यांची निसर्गचित्रे. १८५० च्या दशकाच्या अखेरीस या नक्षीची छापील वर्णने सापडतात. पुढे ब्रॉन्स्टनच्या बोटकारखान्यात फ्रँक नर्सर यांच्यासारखे रंगारी या कामासाठी ओळखले जाऊ लागले. मला या रंगकामात एका बाईचा आग्रह दिसतो. पाठीशी २५ टन कोळसा आणि अंगभर त्याची भुकटी असताना आपले घर स्वच्छ आणि देखणे आहे, हे काठावरच्या लोकांना दिसलेच पाहिजे असा.

कारण काठावरचे लोक त्यांना घाणेरडे आणि अडाणी समजत. १८७० च्या दशकात जॉर्ज स्मिथ या सुधारकाने बोटींवरच्या मुलांचा प्रश्न लावून धरला. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबला होता आणि भट्ट्यांवरच्या मुलांसाठी त्याने आधीच लढा दिला होता. बोटींवरची गर्दी, रोगराई आणि निरक्षरता यांची त्याची वर्णने भडक होती आणि अनेक बोटवाल्यांना ती अपमानास्पद वाटली. पण त्याच्या रेट्यामुळे १८७७ मध्ये आणि पुन्हा १८८४ मध्ये कालवा-बोटींसाठी कायदे झाले. राहत्या बोटींची नोंदणी सुरू झाली, तपासनीस खोलीत डोकावू लागले, बारा वर्षांवरच्या माणसामागे किमान ६० घनफूट हवेची जागा हवी असा नियम आला.

मुलांना शाळेत घालण्याची सक्ती मात्र कागदावरच राहिली. आज नॉर्थहॅम्प्टनशायर, चार दिवसांनी लंडन, अशा मुलाला कोणती शाळा धरणार? ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडहून निघालेल्या पोरांची जी परवड आपण पाहतो, तीच ही. १९२१ मध्ये नेव्हिल चेंबरलेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शाळेच्या दिवसांत मुलांना बोटीवर राहू देऊ नये अशी शिफारस केली. १९२९ मध्ये तसे विधेयकही आले, पण मंजूर झाले नाही. बोटवाल्यांनाही ते नको होते, कारण मुले काठावर ठेवायची म्हणजे कुटुंब मोडायचे. बोटीवरचे हातही कमी व्हायचे. १९३० च्या दशकात लंडनच्या पश्चिमेला तर एका बोटीतच या मुलांसाठी शाळा भरत असे.

एव्हाना घोड्यांच्या जागी डिझेल इंजिने येत होती. एक इंजिनाची बोट आणि तिच्यामागे दोराने ओढली जाणारी बिनइंजिनाची 'बटी', अशी जोडी चालू लागली. एकाच कुटुंबाला दोन खोल्या मिळाल्या आणि माल दुप्पट झाला. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा सरकारने शहरी तरुणींना शिकवून या जोड्यांवर पाठवले. लंडनहून बर्मिंगहॅमला धातू न्यायचा आणि परतताना कॉव्हेंट्रीजवळचा कोळसा भरून आणायचा, असे त्यांचे काम होते.

युद्ध संपायच्या आतच एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक आले. १९३९ मध्ये 'क्रेसी' नावाच्या स्वतःच्या बोटीतून केलेल्या प्रवासाचे ते वर्णन १९४४ मध्ये छापले गेले. त्यातूनच लेखक रॉबर्ट एकमन यांच्याशी गाठ पडली आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशनची स्थापना झाली. पुढे या दोघांचे बिनसले. एकमन यांचा हट्ट होता की एकही कालवा बुजू देऊ नये आणि सगळे सहलीच्या बोटींना खुले व्हावेत. रोल्ट यांना आधी माल वाहणारे कालवे आणि त्यांवरची कुटुंबे जगवायची होती. १९५१ मध्ये रोल्ट यांनाच संघटनेतून काढले गेले. कालवे वाचले ते एकमन यांच्या चिकाटीने, यात शंका नाही. पण रोल्ट ज्या माणसांविषयी बोलत होते, ती माणसे वाचली नाहीत.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. लॉरी आणि नवे रस्ते माल ओढून नेतच होते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, भरलेल्या बोटी जागीच अडकल्या, गिऱ्हाइकांनी दुसरी सोय पाहिली. नव्याने सूत्रे घेतलेल्या ब्रिटिश वॉटरवेज मंडळाने त्याच वर्षी आपल्या नॅरोबोटींचा बहुतेक धंदा गुंडाळला. ॲदरस्टनहून लंडनच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्याला कोळसा पुरवणारी खेप १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. लांब पल्ल्याच्या नियमित वाहतुकीतली ती शेवटची मानली जाते. बोटीवर जन्मलेली माणसे सरकारी घरांत राहायला गेली आणि कारखान्यांत नोकऱ्या शोधू लागली.

१९६८ च्या कायद्याने अनेक कालव्यांना सहलीचे जलमार्ग म्हणून मान्यता दिली. स्वयंसेवकांनी चिखल उपसला, लॉकचे कुजलेले दरवाजे बदलले. १९९० मध्ये केनेट-एव्हन कालवा पुन्हा खुला झाला. २००१ मध्ये हडर्सफील्डचा अरुंद कालवाही, त्यावरच्या पाच किलोमीटरहून लांब स्टँडेज बोगद्यासह. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या तीन हजारांहून अधिक किलोमीटर जलमार्गांची देखभाल कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था पाहते.

आणि बोटींत पुन्हा माणसे राहू लागली आहेत. काही जण आवडीने येतात, पण लंडनची घरभाडी आवाक्याबाहेर गेली म्हणून आलेलेही पुष्कळ आहेत. बोट बांधायला कायमची जागा घेणे ज्यांना परवडत नाही त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे फिरते राहावे लागते. एका ठिकाणी सहसा १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. २०२४ पासून ट्रस्टने अशा फिरत्या बोटींच्या परवान्यावर अधिभार लावला. सरकारी अनुदान २०२७ पासून कमी होत जाणार आणि बंधारे, लॉक यांची दुरुस्ती महागली आहे, अशी त्यामागची बाजू आहे. फिरत्या बोटवाल्यांच्या संघटनेचे म्हणणे असे की हा भार सर्वात कमी ऐपत असलेल्यांवर पडतो. मुले शाळेत जाणाऱ्या कुटुंबांची ओढाताण तर दुहेरी आहे: शाळा एका जागी आणि बोट ठराविक मुदतीत पुढे हलवायची.