पुंगळीच्या मानेवरची काजळी

नाशिकच्या भांडी बाजारात घागर ठोकणारा कारागीर पाहिला असेल, तर त्याची एक सवयही पाहिली असेल. ठोके पडतील तसं पितळ कडक होत जातं. मग तो हातोडी ठेवतो, भांडं भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. न तापवता ठोकत राहिलं तर कड तडकते. रायफलीच्या रिकाम्या पुंगळीवरची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीवरची, काजळी वाचायलाही पितळेची ही खोड माहीत असावी लागते.

पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. बार उडाला की ७.६२ मिमी रायफलीत दाब वातावरणाच्या साडेतीन हजार पटींवर जातो. घरच्या कुकरमध्ये तो दुपटीच्या आसपास असतो. या दाबाने पुंगळीची गोळी धरणारी पातळ मान फुगते, चेंबरच्या, म्हणजे पुंगळी बसते त्या पोकळीच्या, पोलादाला चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. दाब उतरला की पितळ जरासं आक्रसतं आणि पुंगळी सुटून येते. डबाही तीच, वॉशरही तीच.

मान चिकटण्याआधी जो वायू निसटतो, त्याची खूण म्हणजे काजळी. मानेवर थोडी काजळी असायचीच. ती खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, ओलांडून अंगावर उतरली असेल तर मान उशिरा चिकटली. एकाच बाजूला काळा पट्टा असेल तर मान एकीकडे जाड असू शकते, किंवा पुंगळी चेंबरच्या तळाला टेकून बसली असेल.

आता उशीर का झाला? बंदुकीची दारू कमी पडून दाब मंद राहिला असेल. पण पुंगळी पुन्हा पुन्हा भरणारे, म्हणजे अमेरिकेसारख्या देशांतले हौशी नेमबाज, दुसरं कारण विसरतात. दर बाराला मान फुगते, दर वेळी साच्यात दाबून ती मापाला आणली जाते. ही घागरीचीच ठोकाठोक. कडक मान लवकर पसरत नाही. काजळी दिसली की दारू वाढवणं हा मला शुद्ध आततायीपणा वाटतो. तेवढीच दारू भरून नवी पुंगळी झाडून पाहावी. ती स्वच्छ निघाली तर दोष जुन्या पितळेचा. मग मान तापवावी लागते, तीही फक्त मान. बूड मऊ पडलं तर पुंगळी फाटू शकते.

बुडाशी, टोपीभोवती (ठिणगी पाडणाऱ्या वाटीभोवती) काळं कडं दिसलं तर मात्र गोष्ट गंभीर. तिथला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. अशी पुंगळी पुन्हा भरू नये.

(आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. शिवाय रेंजवरच्या पॉइंट टू टू या छोट्या काडतुसाची कडच चेपलेली असते, ती पुन्हा भरताच येत नाही.)

ठोकून-दाबून पितळेत राहून गेलेल्या ताणाचा सर्वांत मोठा धडा हिंदुस्थानातच मिळाला. ब्रिटिश लष्कराने पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं न झाडताच तडकू लागली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत दडलेला ताण यांची ती करणी, हे १९२१मध्ये संशोधकांनी उलगडलं. उपाय कारागिराचाच, तापवण्याचा. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती त्या तापवण्याची. नवखा माणूस तिलाही काजळी समजतो. पण ती बोटाने पुसली जात नाही.