कृत्रिम सूर्याची शेगडी

आखाजीच्या आसपास पारा ४५ अंशांवर गेला की खान्देशात फॉरवर्डना ऊत येतो : 'चीनने कृत्रिम सूर्य पेटवला, म्हणून यंदा ऊन वाढलं.' यातला 'सूर्य' म्हणजे टोकामॅक, सूर्यासारखी हायड्रोजनची केंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्यासाठी प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारं यंत्र. असं सर्वांत मोठं यंत्र, इटर, फ्रान्समध्ये कादाराश इथं उभं राहतंय. सात भागीदारांत भारतही आहे, आणि त्याचं भलंथोरलं पोलादी बाह्यकवच, क्रायोस्टॅट, आपल्या तापीच्या मुखाशी हजिऱ्याला घडलं. त्यातला प्लाझ्मा १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा आहे, पण सगळ्या प्लाझ्माचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरणार नाही. त्यात साठलेल्या उष्णतेत फार तर हजार-बाराशे लिटर पाणी उकळेल. तेवढ्यानं भुसावळ तापत नाही, तापायला त्याची स्वतःची कारणं पुरेशी आहेत.

खरा प्रश्न उलटा आहे. एवढं तापमान गाठायचं कसं?

प्लाझ्मातून वीजप्रवाह सोडला की तो तापतो, हीटरची तार तापते तसाच. पण प्लाझ्मा जसा तापतो तसा त्याचा विद्युतरोध घटत जातो, आणि एक-दोन कोटी अंशांच्या पुढे ही युक्ती लंगडी पडते. मग बाहेरून अतिवेगवान अणू आत मारायचे आणि त्यांच्या टकरींनी प्लाझ्मा तापवायचा. हे अणू विद्युतभाररहित हवेत, कारण जे चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला बाहेर पडू देत नाही, तेच बाहेरच्या भारित कणाला आत शिरू देत नाही. पण विजेच्या दाबानं पळवता येतो तो फक्त भारित कण! म्हणून आधी अणूवर भार चढवायचा, मग त्याला पळवायचं आणि शेवटी भार उतरवायचा.

आजवरची बरीच यंत्रं धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, वापरतात. इटरचा प्लाझ्मा एवढा जाड आहे की त्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला ड्यूटेरियमला (जड हायड्रोजनला) दहा लाख व्होल्टचा रेटा लागतो. वेग होतो सेकंदाला सुमारे ९,८०० किलोमीटर. या वेगाच्या धन आयनाला वाटेतल्या वायूतून इलेक्ट्रॉन उचलायला सवडच मिळत नाही. भुसावळला न थांबणाऱ्या मेलच्या खिडकीतून फलाटावरच्या चहावाल्याचा कप घेऊन बघा! हातातला कप बाहेर टाकणं मात्र कुणालाही जमेल. म्हणून ऋण आयन घ्यायचा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असलेला. हा जास्तीचा इलेक्ट्रॉन जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) चिकटलेला असतो, वायूत शिरला की सांडतो. जवळपास ६० टक्के आयन असे उदासीन होतात.

पण जो इतक्या सहज सुटतो तो चिकटवायचा कसा? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं ते इथलं उत्तर : सिझियम. धातूतला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला जी ऊर्जा लागते तिला कार्यफल म्हणतात. टंगस्टनला ती साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागते, सिझियमला दोनच्या आसपास. धातूच्या जाळीवर सिझियमचा पातळ थर बसवला की तिथं आपटणारा हायड्रोजनचा अणू पृष्ठभागाकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन बनून परततो. (सिझियम २८.५ अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही त्याचं पाणीच होईल. खऱ्या पाण्याशी त्याची गाठ पडली तर स्फोट.)

हे अणू येतात प्लाझ्मा-स्रोतातून. जुन्या स्रोतांत तापलेल्या टंगस्टनच्या तारा असत. त्या झिजतात, आणि किरणोत्सारी अणुभट्टीशेजारी त्या बदलायला कोण जाणार? जर्मनीतल्या गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेनं तारांऐवजी रेडिओलहरी वापरल्या. इटरच्या एका स्रोतात या लहरी सोडणाऱ्या आठ कुंडल्या (तारेची वेटोळी) असतील. लहरींची वारंवारता सुमारे १ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेडिओच्या मध्यम लहरींची. स्रोतातल्या वायूचा दाब ०.३ पास्कल.

आता भानगड अशी की कुंडल्यांजवळच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. त्यांची धडक बसली की नाजूक ऋण आयन मोडलाच. म्हणून कुंडल्या आणि जाळी यांच्यामध्ये आडवं चुंबकीय क्षेत्र ठेवतात. त्यातून पार होताना इलेक्ट्रॉन थंडावतात, जाळीपाशी ऊर्जा एकच्या आसपास उरते. तरी ऋण आयन खेचायला लावलेला धन विद्युतदाब त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनही खेचतो. त्यांना छोट्या चुंबकांनी वळवून पुढच्या जाळीवर पाडतात, तर ती जाळी तापते. साध्या हायड्रोजनपेक्षा ड्यूटेरियममध्ये हे इलेक्ट्रॉन जास्त निघतात, आणि भट्टीला हवं ड्यूटेरियमच. १,२८० भोकांच्या जाळीतून ४० अँपिअरचा झोत सलग तासभर काढायचा, आणि तेवढा वेळ सिझियमचा थर सगळीकडे सारखा ठेवायचा. इटलीत पादुआला 'स्पायडर' या चाचणीयंत्रावर २०१८पासून हेच चाललंय. त्या यंत्राचा झोत अडवणारा भाग भारतानं दिलाय. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'रॉबिन' नावाच्या ऋण-आयन स्रोतावर प्रयोग झालेत, कारण इटरचा एक वेगळा, एक लाख व्होल्टचा झोत भारताच्या वाट्याला आहे. तो तापवण्यासाठी नाही, प्लाझ्मात हेलियमची राख (केंद्रकं जुळून उरलेला हेलियम) किती साठली ते मोजण्यासाठी.

आणि हो, '५० मेगावॉट घालून ५०० मेगावॉट मिळणार' ही बातमी वाचून भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा ५०० मेगावॉटचा संच डोळ्यांपुढे आणू नका. दीपनगर वीज देतं. इटरचे ५०० ही निव्वळ उष्णता आहे, आणि ५० हा फक्त प्लाझ्मात पोचलेल्या उष्णतेचा आकडा. ती पोचवायला खर्ची पडणारी वीज कितीतरी जास्त. ४० अँपिअर गुणिले दहा लाख व्होल्ट, म्हणजे ४० मेगावॉटचा झोत निघतो, त्यातले साधारण साडेसोळाच आत पोचतात.