गोठताना मीठ टाकून देणारा समुद्र

उन्हाळ्यात शाळेबाहेर मिळणारा पेप्सीकोला आठवतो? चार वेळा जोरात ओढला की रंग आणि गोडी आधी तोंडात येते, पिशवीत उरतो तो पांढराफटक, बेचव बर्फ. उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्रावर विद्यार्थी जे मोजतात त्याचं मर्म त्या पिशवीत आहे.

नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर, 78 अंश उत्तरेला, लाँगयिअरब्येन नावाचं गाव आहे. तिथे 1993 पासून एक विद्यापीठ केंद्र चालतं. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलाला पिटाळण्याचं साधन सोबत हवं, असा तिथला कायदाच. म्हणून समुद्रविज्ञान शिकायला आलेल्या मुलांनाही आधी बंदूक चालवायला शिकवतात.

मग खरी गंमत. पोकळ नळीच्या गिरमिटाने बर्फात भोक पाडून मनगटापेक्षा जाड असा बर्फाचा दांडा बाहेर काढायचा. लगेच दर दहा सेंटिमीटरवर बारीक छिद्र पाडून त्यात थर्मामीटर खुपसायचा. ही घाई अशासाठी, की बाहेर आल्याबरोबर दांड्याचं तापमान बदलू लागतं आणि त्यातून खारट पाणी ठिबकायला लागतं. मग करवतीने तुकडे, तुकडे झाकणाच्या डब्यांत. रात्रभर ते खोलीत वितळू द्यायचे आणि सकाळी प्रत्येक डब्यातल्या पाण्याचा खारेपणा मोजायचा.

एक किलो समुद्रपाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि ते उणे 1.9 अंशाला गोठतं. पण बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू इतके शिस्तीत बसतात, की सोडियम-क्लोराइडला तिथे जागाच नसते. बर्फ मिठाला बाहेर ढकलतो. बरंचसं मीठ खाली समुद्रात जातं, ते पाणी जड होऊन बुडतं. थोडं स्फटिकांच्या फटींत अडकतं आणि तिथे मिठवणी, म्हणजे अतिशय खारट पाणी, तयार होते. थंडी वाढली की मिठवणीतलं आणखी पाणी गोठतं, उरलेली आणखी खारट होते. उणे 5 अंशाला तिच्या किलोमागे सुमारे 85 ग्रॅम मीठ असतं, उणे 10 ला 140 च्या वर.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की मिठवणी किती खारट हे फक्त तापमानावरून ठरतं. त्यामुळे थर्मामीटर आणि डब्यातला खारेपणा एवढ्यावरून बर्फात द्रव किती, हे कळतं. किलोमागे 5 ग्रॅम मीठ असलेला बर्फ उणे 5 अंशाला असेल, तर 5 भागिले 85, म्हणजे पाच-सहा टक्के मिठवणी. आणि साधारण पाच टक्क्यांच्या वर एकेकट्या फटी एकमेकींना जुळून वाटा तयार होतात. तोवर भिंतीसारखा असलेला बर्फ पाझरू लागतो. वसंतात या वाटांनी समुद्रातली पोषकद्रव्यं वर येतात. दांड्याच्या तळाशी दिसणारा तपकिरी थर म्हणजे त्यावर जगणारी शेवाळं, आर्क्टिकच्या अन्नसाखळीतला एक महत्त्वाचा दुवा. हिवाळा उबदार झाला की हे पाझरणंही लवकर सुरू होतं.

‘आर्क्टिकचा बर्फ वितळला की मुंबई बुडणार’ असे संदेश दर उन्हाळ्यात फिरतात. तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. पेल्यात बर्फ टाकून कुणीही पाहावं. पातळी वाढवतो तो ग्रीनलँडसारखा जमिनीवरचा बर्फ. काळजीचं कारण खरं आहे, म्हणूनच ते अचूक सांगायला हवं.

स्वालबारच्याच न्यू-ओलेसुंडमध्ये 2008 पासून आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेकडे. समोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) 2014 साली भारताने पाण्याखाली उपकरणं सोडली, ती पाण्याचं तापमान आणि खारेपणा नोंदवतात. त्या फ्योर्डमध्ये 2006 पासून अटलांटिकचं उबदार पाणी जास्त शिरू लागलं आणि हिवाळी बर्फ पूर्वीसारखा धरेनासा झाला.

म्हणून दांडे काढायला लाँगयिअरब्येनची मुलं दक्षिणेकडच्या वान मायेनफ्योर्डला जातात. त्याच्या तोंडाशी अक्सेलोया नावाचं लांबट बेट बांधासारखं आडवं पडलं आहे, आणि त्याच्या आडोशाला बर्फ अजून धरतो.