गंगेला पाणी आलं की तांबटकाकांचं नाव का निघतं

काका गेल्यानंतरचा हा पहिलाच पावसाळा. गंगापूर धरणातून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, पाणी सोडल्याचा मेसेज आला की गल्लीत कोणीतरी म्हणतंच, काका असते तर एव्हाना घाटावर दोन चकरा मारून आले असते. नवीन भाडेकरूंना आणि शाळेतल्या पोरांना यातलं काही माहीत नाही, म्हणून मागचं सगळं एकदा लिहून ठेवतोय.

काका धंद्याने तांबट. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, भांडीबाजार, तांबट लेन ही नावं त्यावरूनच. पंचवटीत येणारा यात्रेकरू पूजेची भांडी घेऊन जायचा, घरच्या लग्नाला हंडा, कळशी, घंगाळ लागायचंच. काकांचा हात घागरीवर बसलेला. पत्रा भट्टीत तापवला की मऊ पडतो, मग ठोकायचा, ठोकून कडक झाला की परत भट्टीत, असं कितीदा तरी. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा, मग दोन्ही झाळून एक करायचे आणि शेवटी मठारकाम, म्हणजे एकाला एक लागून हातोडीचे गोल ठोके. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते पण पत्र्याला ताकद त्या ठोक्यांनीच येते. काका घागर उन्हात धरून फिरवायचे, ओळीतला एखादा ठोका चुकला असेल तर त्यांचं बोट बरोबर तिथेच जाऊन थांबायचं.

या ठोक्यांनीच त्यांचे कान गेले. चाळिशीतच ऐकू कमी यायला लागलं, म्हणजे भोंगा वाजला काय आणि गाडीवरून सूचना दिली काय, त्यांना कळणार नाही. म्हणून त्यांचा सगळा भरवसा डोळ्यांवर, आणि डोळे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर. पाणी पायाशी आहे, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला गेलं, हे नाशिककरांचं पुराचं जुनंच माप आहे, पण आपण ते दुपारी पूर बघायला गेल्यासारखं जाऊन बघतो, काका रात्री अडीचला बॅटरी घेऊन जायचे.

हे सुरू कशामुळे झालं तर 1969 च्या पुरामुळे. तेव्हा काका विशीतले, दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला. धरण होऊन चारपाचच वर्षं झालेली, आता काय एवढं पाणी येतंय असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पाणी आलं आणि मालकाचा लग्नसराईसाठी करून ठेवलेला माल चिखलात गेला. काका सांगायचे की भांडी नंतर सापडली, घासून विकलीही, पण शेजारच्या आजींना उचलून वर न्यायला माणूसच नव्हतं, त्या रात्रभर माळ्यावर एकट्या बसून होत्या. ही एकच गोष्ट ते दरवेळी सांगायचे, आणि सांगताना आवाज बारीक व्हायचा, एरवी एवढं मोठ्याने बोलणारा माणूस.

पुढे स्टील आलं आणि तांब्यापितळेला उतरती कळा लागली. काकांनी काही वर्षं कल्हई केली, भंडाऱ्याची पातेली मात्र शेवटपर्यंत फुकट करून द्यायचे, तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर आणि मग कथलावरून कापसाचा बोळा फिरवला की आतून चांदीसारखं लख्ख. गुडघे गेले तेव्हा दुकान बंद केलं आणि त्यानंतर पूर्णवेळ हेच, पुरावर नजर ठेवायचं काम.

19 सप्टेंबर 2008 च्या पुराच्या वेळी गल्लीला पहिल्यांदा कळलं की काकांकडे एक वही आहे. खालच्या मजल्यावर कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाचं बाळ लहान आहे, कोणाचं तळघर आहे, सगळं लिहिलेलं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तळघरं रिकामी करायची, छातीला लागलं की म्हातारी माणसं वर, हा नियम त्यांनीच घालून दिला. सराफ बाजाराकडून सरस्वती नाला तुंबून पाठीमागूनही पाणी येतं, त्यामुळे पळायचं कुठल्या बाजूने हेही वहीत होतं. 2 ऑगस्ट 2016 ला आणि 4 ऑगस्ट 2019 ला तीच वही उपयोगी पडली. 2019 ला रविवार होता, सगळे घरी, काका दारोदार थापा मारत फिरत होते, आजी उठा, वरती चला, सामान राहू द्या. एकाही घरात कोणी अडकलं नाही.

वाड्याच्या जिन्याशेजारी खांबावर हातभर तांब्याची पट्टी दिसते ना, ती त्यांनीच ठोकली. प्रत्येक पुराचं पाणी कुठवर आलं तिथे रेघ आणि शेजारी ठशाने वर्ष. 1969 ची रेघ त्यांनी आठवणीतून मारली, बाकीच्या पाणी ओसरल्यावर भिंतीवरच्या चिखलाच्या डागावरून. ती कळंकून हिरवी पडली होती. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या ताईंनी चिंच लावून घासली, आता आकडे वाचता येतात. वही सध्या या ताईंच्याच घरी आहे, नवीन भाडेकरूंनी आपली नावं त्यात लिहायची राहिलीयेत.