रक्तमूलपेशी प्रतिरोपणोत्तर प्रतिकारक्षमतेची पुनर्स्थापना

रक्तमूलपेशींच्या प्रतिरोपणानंतर रुग्णाच्या शरीरात रोगप्रतिकारयंत्रणा नव्याने उभी राहण्याची प्रक्रिया. प्रतिरोपणापूर्वीच्या तीव्र औषधोपचाराने किंवा किरणोपचाराने रुग्णाची मूळ अस्थिमज्जा निकामी होते आणि रक्तपेशींचे उत्पादन पुढे दात्याच्या (किंवा आधी साठवलेल्या स्वतःच्याच) मूलपेशींकडून होते. ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये असे पहिले मानवी प्रयत्न प्रसिद्ध केले. प्रतिकारक्षमतेच्या सावकाश पुनर्स्थापनेकडे मात्र बऱ्याच नंतर लक्ष गेले.

न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) सलग तीन दिवस दर घन मिलिमीटरला ५०० किंवा अधिक आढळल्या, की त्यांतील पहिला दिवस मूलपेशी रुजल्याचा दिवस मानतात. रक्तातून गोळा केलेल्या मूलपेशी साधारण दोन-तीन आठवड्यांत रुजतात, नाळेच्या रक्तातील पेशींना त्याहून जास्त वेळ लागतो. ‘काउंट वर आले’ म्हणून घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात तो हाच टप्पा, पण प्रतिकारक्षमता अद्याप बरीच दूर असते. नैसर्गिक मारक पेशी महिन्याभरात संख्येने पूर्ववत होतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी दिसू लागायला काही महिने लागतात. प्रतिपिंडांपैकी आयजीएम आधी, आयजीजी त्यानंतर आणि आयजीए बहुधा शेवटी सावरते.

सर्वांत रेंगाळतात त्या सीडी४ प्रकारच्या, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना साहाय्य करणाऱ्या, टी पेशी. टी पेशी दोन मार्गांनी परततात. एक, प्रतिरोपणाबरोबर आलेल्या (क्वचित रुग्णाच्या उरलेल्या) प्रौढ टी पेशींची इंटरल्यूकिन-७ व १५ या संदेशवाहक प्रथिनांच्या प्रभावाखाली होणारी वाढ. ती जलद होते, पण तिच्यातून मिळणाऱ्या पेशींतील वैविध्य मर्यादित असते. दुसरा, थायमस अर्थात यौवनलोपी ग्रंथीत नव्या टी पेशींची घडण. प्रतिकारक्षमतेतील या ग्रंथीचे महत्त्व झाक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. वयाबरोबर ती आक्रसत जाते, त्यामुळे प्रौढात हा मार्ग कितपत खुला राहतो याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. कर्करोगाच्या औषधोपचारानंतर (प्रतिरोपणानंतर नव्हे) मुले व तरुण यांच्यात क्रिस्टल मॅकॉल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केलेल्या अभ्यासात वय जितके जास्त तितकी सीडी४ पेशींची भरपाई कमी दिसली. ज्यांची थायमस प्रतिमाचित्रणात पुन्हा फुगलेली आढळली, त्यांची भरपाई सरस होती.

वाद खरा वाढला तो मोजणीवरून. टी पेशीचा ग्राहक (रोगजंतू ओळखणारे पृष्ठभागावरील प्रथिन) थायमसमध्ये घडताना डीएनएचा एक तुकडा कापला जातो व त्याची टोके जुळून बारीक कडे तयार होते (ट्रेक). पेशी विभागली तरी कड्याची नक्कल होत नाही, ते दोनपैकी एकाच पेशीकडे जाते. डॅनियल डूएक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एचआयव्ही रुग्णांत आणि २००० मध्ये प्रतिरोपण झालेल्या प्रौढांत कड्यांच्या प्रमाणावरून थायमसचे उत्पादन अजमावले. हॅझेनबर्ग व सहकाऱ्यांनी त्याच सुमारास एचआयव्ही रुग्णांच्या संदर्भात आक्षेप घेतला, की पेशी वेगाने विभागल्या तर थायमस ठीक असूनही प्रमाण घटते. आक्षेप वजनदार आहे. प्रतिरोपणानंतरचे पहिले महिने वेगवान विभागणीचेच असल्याने पेशींमागे कडी मोजण्यापेक्षा ठराविक रक्तातील एकूण कडी मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते. ते पाहता प्रौढातही थायमस पूर्ण मूक नसते, मात्र तिचे काम सावरायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, हे मत ग्राह्य वाटते.

दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या ऊतींवर केलेला हल्ला (जीव्हीएचडी) थायमसलाही इजा करतो, आणि त्यावरची स्टेरॉइडे प्रतिकारक्षमता आणखी दाबतात. दात्याच्या टी पेशी आधी काढून टाकल्यास हा हल्ला बराचसा टळतो, पण पुनर्स्थापना लांबते.

संसर्गांचा क्रम यातूनच ठरतो. आरंभी जिवाणू व बुरशी, पुढे सुमारे शंभराव्या दिवसापर्यंत सायटोमेगॅलोव्हायरस (शरीरात सुप्त राहणारा एक विषाणू), नंतर नागीण व न्यूमोकोकस (न्यूमोनिया घडवणारा जिवाणू). सुप्त सायटोमेगॅलोव्हायरस जागा झाला, की त्याच्याविरुद्धच्या सीडी८ पेशी (संसर्गित पेशी मारणाऱ्या टी पेशी) अतोनात वाढतात आणि टी पेशींचा एकूण आकडा फसवा दिसतो. सीडी४ पेशी दर घन मिलिमीटरला २०० च्या वर जाणे हा न्यूमोसिस्टिसविरुद्धचे (फुप्फुसांत संसर्ग करणाऱ्या बुरशीविरुद्धचे) औषध थांबवण्याचा एक प्रचलित निकष आहे.

बालपणीच्या लसींचे संरक्षण बहुधा ओसरते, म्हणून त्या पुन्हा द्याव्या लागतात. न्यूमोकोकसची लस तीन ते सहा महिन्यांपासून सुरू करतात. गोवर-गालगुंड-रुबेलाची जिवंत लस मात्र सहसा दोन वर्षांआधी देत नाहीत, आणि तीही जीव्हीएचडी किंवा प्रतिकारदमन चालू नसेल तरच.