पानावरची अंडी कोणाची?

मृग बरसून आर्द्रा लागल्या की खानापूर तालुक्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे लहान ओहोळ वाहते होतात आणि अंधार पडताच काठच्या झुडपांतून चहूकडून बारीक टिकटिक सुरू होते. बॅटरीच्या उजेडात नीट शोधले, तर पाण्यावर झुकलेल्या एखाद्या पानावर तपकिरी रंगाचा, बोटांची टोके चकतीसारखी पसरट असलेला लहानसा बेडूक बसलेला दिसतो, आणि शेजारच्या पानावर पारदर्शक अंड्यांचा लहानसा पुंजका चिकटलेला असतो. पाहणारा त्याला 'झाडबेडूक' म्हणून मोकळा होतो. ही ओळख पुष्कळदा चुकते. मात्र ती चूक निष्काळजीपणाची म्हणता येत नाही, कारण झाडावर बसणे, बोटांना चकत्या असणे आणि पानावर अंडी घालणे ही तिन्ही लक्षणे झाडबेडकांचीच आहेत असे आपण शिकलेलो असतो.

त्या पानावर बसलेला प्राणी बहुधा रातबेडूक असतो. बेळगावहून लोंढामार्गे गोव्याकडे जाणारी रेल्वे घाट उतरण्यापूर्वी जिथे थांबते, त्या कॅसल रॉकच्या परिसरातून २००५ मध्ये संशोधक इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी 'निक्टिबॅट्रॅकस पेट्रियस' या नव्या जातीचे वर्णन केले. पेट्रियस म्हणजे खडकातला. गावाच्या नावातला खडक असा बेडकाच्या नावात उतरला. रातबेडकांचा हा वंश संपूर्ण जगात फक्त सह्याद्रीत आढळतो. झाडबेडकांच्या कुळापासून त्याची वाट कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली असल्यामुळे, दोघांत दिसणारे साम्य नात्याचे नसून राहणीचे आहे. ओल्या, उभ्या, गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहायचे असेल तर पसरट बोट उपयोगी पडते आणि ते वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडू शकते. म्हणून केवळ चकती पाहून कूळ ठरवू नये. झाडबेडकांचे खरे शारीरिक लक्षण त्वचेखाली असते: त्यांच्या बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो, त्यामुळे बोटाचे टोक हवे तसे वळते. रातबेडकांत तो नसतो. पण ओढ्याकाठी उभे राहून तो तपासण्याची सोय नाही.

त्याऐवजी डोळ्यात पाहावे. रातबेडकाची बाहुली पत्त्यांतल्या चौकटसारखी, म्हणजे वर-खाली आणि दोन्ही बाजूंना टोक असलेली दिसते. झुडूपबेडकांची, म्हणजे झाडबेडकांच्याच कुळातल्या झुडपांत राहणाऱ्या लहान बेडकांची, बाहुली आडवी, लांबट असते. रातबेडकाची पाठ सुरकुतलेली असते, जणू अंगावरची कातडी एक माप मोठी शिवली गेली आहे. मागच्या पायांच्या बोटांमधले पडदेही त्याचे बऱ्यापैकी विकसित असतात, तर झुडूपबेडकांत ते थोडेच असतात. रंगावर मात्र मुळीच विसंबू नये. झुडूपबेडकांच्या एकाच जातीत पट्टेरी, ठिपकेदार आणि एकरंगी असे नर एकाच रात्री भेटू शकतात, आणि एकच नर दिवसा व रात्री वेगवेगळ्या छटांचा दिसतो.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा अंड्यांचा आहे. रातबेडकाची मादी पाण्यावर आलेल्या पानावर किंवा दगडावर अंडी घालते. त्यांच्या पारदर्शक आवरणातून आतली वाढ दिसते, आणि पुरेसे वाढलेले बेडूकमासे तिथून थेट खालच्या प्रवाहात पडतात. म्हणजे पान हा केवळ पाळणा आहे, पुढचे बालपण पाण्यातच जाते. झुडूपबेडकांना हे बालपणच नसते. त्यांची मोजकी, तुलनेने मोठी अंडी पानांवर किंवा ओल्या मातीत असतात, बेडूकमाशाची अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि बाहेर येते ते शेपूट जवळजवळ जिरलेले, चार पायांचे इवले बेडूक. तिसरी शक्यता म्हणजे पाण्यावरच्या पानांत लोंबणारा पांढरा फेसाचा गोळा. तो हिरव्यागार मलबारी उडत्या बेडकाचा किंवा त्याच्या नातलगाचा. थोडक्यात पारदर्शक पुंजका, फेस आणि थेट पिल्लू यांवरून कूळ ठरवणे हे बेडूक हातात धरून पाहण्यापेक्षा सोपे जाते, आणि बेडकालाही त्रास होत नाही.

रातबेडकांचे प्रजननच मुळात विलक्षण आहे. पेट्रियसचा जवळचा भाऊबंद असलेला, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा मुंबई रातबेडूक २०१६ मध्ये जगभर चर्चेत आला, कारण त्याचा नर मादीला मिठी मारत नाही. तो तिच्या पाठीवर असतो, पण हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. मादी त्यानंतर अंडी घालते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील २०१४ मध्ये वर्णिलेल्या आणखी एका रातबेडकाचा नर अंड्यांवर चिखलाचे लिंपण करतो. त्याला नाव मिळाले 'कुंबारा'. हा शब्द कन्नड असला, तरी सीमाभागातल्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

खरे झुडूपबेडूकही याच झुडपांत असतात. यांतील 'राओर्चेस्टेस बॉम्बेएन्सिस' ही जाती प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये वर्णिली, तीही कॅसल रॉकवरून मिळालेल्या नमुन्यांवरून. मुंबईचे नाव तिला लागले, कारण कॅसल रॉक ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात होता. इलाखा गेला, राज्ये बदलली, बेडकाचे नाव तेवढे राहिले. वंशाचे नाव मात्र नवे आहे: बंगळुरूचे बेडूकतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ते २०१० मध्ये दिले गेले. आंबोलीच्या नावाने २००९ मध्ये वर्णिलेला 'सुडोफिलॉटस आंबोली' दिसायला याच मेळ्यातला वाटतो, पण त्याच्या वंशाच्या भारतात जेमतेम तीन जाती आहेत आणि श्रीलंकेत सत्तरहून अधिक. डीएनएवरून असे दिसते की या वंशाचे पूर्वज भारतातून लंकेत गेले, तिथे फुलले, आणि त्यांतली एक शाखा पुन्हा इकडे परतली. आंबोलीच्या धुक्यातल्या बेडकाचे जवळचे सोयरे म्हणूनच समुद्रापलीकडे आहेत.

ओढ्यातल्या दगडावर दिवसाउजेडी मागचा पाय ताणून झेंडा दाखवल्यासारखा हलवणारा नर दिसला, तर तो नाचरा बेडूक. २०१४ मध्ये एकाच शोधनिबंधात या वंशाच्या चौदा जातींची भर पडली आणि त्यांतल्या एकीचे नाव 'उत्तरघाटी' आहे. पाण्याने भिजलेल्या उभ्या कातळावर चिकटून सरपटणारे, लांब शेपटीचे बेडूकमासे उडी-बेडकांचे असतात. या दोघांचा झाडबेडकांशी घोळ फारसा होत नाही.

झुडूपबेडकांच्या बाबतीत एका जातीची दुसरीपासून निवड करताना फोटो अपुरा पडतो. नर कसा ओरडतो, एका हाकेत किती ठोके असतात, त्यांतले अंतर किती, हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि सोबत वेळ, हवेचे तापमान व बसण्याची उंची लिहून ठेवावी. थंडावा वाढला की हाकेचा वेग मंदावतो, त्यामुळे तापमानाविना आवाजाची नोंद अर्धीच ठरते. हातांना डास पळवणारे मलम लावलेले असेल तर बेडकाला शिवू नये, कारण तो कातडीतूनच पाणी आणि हवा घेतो. याच परिसरातल्या भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री जाताच येत नाही. एवढे करूनही जाती नक्की होत नसेल, तर वहीत नुसते 'राओर्चेस्टेस' लिहावे, पुढची जागा रिकामी ठेवावी आणि आवाजाची फाईल जपून ठेवावी.