सूर्यात पडणं इतकं सोपं नसतं

‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश मालिकेतला ‘सन प्रोब’ हा भाग ९ डिसेंबर १९६५ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. मालिका मुलांसाठीची आणि पात्रं म्हणजे सगळ्या कळसूत्री बाहुल्या, पण विषय बघा: तीन अंतराळवीर सूर्याकडे निघालेत, तिथल्या एका तेजःशृंगाचा, म्हणजे सूर्यावरून उसळलेल्या वायूच्या कमानीचा, तुकडा तोडून आणायला! तुकडा हाती लागतो. मात्र परत फिरण्यासाठीची रेट्रो रॉकेटं ऐन वेळी पेटत नाहीत आणि यान सूर्याकडे ओढलं जाऊ लागतं. मग ट्रेसी कुटुंबाची ‘इंटरनॅशनल रेस्क्यू’ ही बचाव संघटना आपली थंडरबर्ड यानं घेऊन मदतीला धावते. थंडरबर्ड ३ थेट सूर्याच्या दिशेनं सुटतं आणि थंडरबर्ड २ हिमालयात जाऊन उतरतं. रेडिओ संदेश पाठवून ती रॉकेटं दुरून पेटवायची, असा बेत असतो. थंडरबर्ड ३ ते करूनही दाखवतं, पण लगेच त्याच्या स्वतःच्या रेट्रो रॉकेटांची तीच गत होते. आता वाचवायला आलेल्यांनाच हिमालयातून वाचवायचं! त्यासाठीची आकडेमोड करायला आणलेली पेटी उघडावी, तर आत गणकयंत्राऐवजी ब्रेमन नावाचा यंत्रमानव निघतो. ॲलन फेनेल यांनी लिहिलेलं हे कथानक पन्नास मिनिटं जागचं हलू देत नाही.

अशा सुटकेच्या गोष्टी मालिकेचे कर्ते जेरी अँडरसन यांना सुचल्या त्या एका खऱ्या अपघातावरून. ऑक्टोबर १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडे इथल्या खाणीत तळ्याचं पाणी घुसलं. २९ कामगार दगावले, पण अकरा जणांना चौदा दिवसांनी भोक पाडून जिवंत बाहेर काढलं. त्या कामाचं अवजड यंत्र लांबून यायला वेळ लागला होता. अशी यंत्रं कायम सज्ज असती तर, या विचारातून थंडरबर्ड यानांचा ताफा उभा राहिला.

बाहुल्यांचं तंत्रही न्याहाळण्यासारखं आहे. ओठ हलायचे ते डोक्यात बसवलेल्या सोलेनॉइडमुळे, म्हणजे वीज आली की दांडी ओढून घेणाऱ्या वेटोळ्यामुळे. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांचे विजेचे ठोके बाहुलीला पेलून धरणाऱ्या बारीक धातूच्या तारांमधूनच खाली यायचे. वेटोळं मावावं म्हणून डोकी धडाच्या मानानं मोठी ठेवावी लागली. चालणं मात्र या बाहुल्यांना कधीच धड जमलं नाही. म्हणून पात्रं सदान्‌कदा कशात तरी बसलेली असतात आणि भाव खाऊन जातात ती याना-विमानांची मॉडेल्स.

आता मुद्द्याचं. रॉकेटं बंद पडली म्हणून यान सूर्यात पडतंय, हे कथानकाचं मूळच उलटं आहे. रॉकेटं बंद पडलेलं यान सहसा सूर्यात पडत नाही. सूर्यात पडायचं असेल तरच रॉकेटं लागतात, आणि तीही भरमसाट.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं फिरते. इथून सुटलेलं प्रत्येक यान हा आडवा वेग जन्मतःच घेऊन निघतं. हा वेग अंगात असेपर्यंत सूर्य कितीही ओढो, यान त्याला वळसाच घालत राहणार. सूर्याच्या पृष्ठभागाला नुसतं चाटून जायचं म्हटलं, तरी या तीसपैकी सुमारे २७ किलोमीटर खर्ची घालावे लागतात. आणि सूर्यमालेबाहेर कायमचं निघून जायला? पृथ्वीच्या कक्षेपाशी सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर वेग पुरतो. तीस आधीच पदरात आहेत, म्हणजे वर जेमतेम बारा. ताऱ्यांकडे निघून जाणं हे आपल्याच ताऱ्यावर उतरण्यापेक्षा निम्म्याहून स्वस्त पडतं! मला तरी खगोलशास्त्रातल्या चमत्कारिक हिशेबांमध्ये हा सर्वांत आवडतो.

मग ‘सन प्रोब’मधल्या त्या तिघांचं प्रत्यक्षात काय झालं असतं? यान सूर्याच्या बरोबर मध्यावर नेम धरून सोडलेलं नसेल, तर धूमकेतूसारखा वळसा घालून ते आपोआप माघारी वळलं असतं. लव्हजॉय हा धूमकेतू डिसेंबर २०११ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला आणि पलीकडून बाहेरही आला. पुढे तो विस्कटला, पण तो सूर्याच्या भट्टीमुळे, पडल्यामुळे नव्हे. समजा नेम खरंच मध्यावर असता, तरी ब्रेक लावणं हा उपाय नव्हता. पृथ्वीच्या अंतरावरून सरळ खाली कोसळणाऱ्या वस्तूचा वेग सूर्याच्या पृष्ठभागाशी सेकंदाला सहाशे किलोमीटरच्या वर जातो. सूर्याजवळ पोहोचल्यावर असला वेग मारणारं रॉकेट आजही कुणाकडे नाही. सूर्य अजून लांब असतानाच यानाला बाजूनं थोडा धक्का दिला असता, तर ते सूर्याला हुकवून निघून गेलं असतं. ट्रेसी बंधूंनी रेट्रो रॉकेटांचा नाद सोडून हे करायला हवं होतं.

खऱ्या सूर्ययानाला नेमका हाच खर्च सोसावा लागला. नासाचं ‘पार्कर सोलर प्रोब’ १२ ऑगस्ट २०१८ रोजी डेल्टा ४ हेवी या दांडग्या रॉकेटवरून सुटलं. रॉकेट दांडगं, कारण यानाला पृथ्वीच्या गतीच्या उलट दिशेनं फेकायचं होतं. एवढं करूनही वेग पुरेसा मरेना, म्हणून शुक्राजवळून सात वेळा नेऊन दर वेळी थोडा थोडा कमी केला. सूर्याच्या इतकं जवळ कुणी गेलं नव्हतं तिथे, म्हणजे पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर, ते पोहोचलं २४ डिसेंबर २०२४ रोजी. सहा वर्षं लागली. त्या क्षणी त्याचा वेग ताशी ६ लाख ९० हजार किलोमीटरच्या घरात होता. सूर्याशी पोहोचायला वेग घालवायचा आणि पोहोचल्यावर वेगाचा विक्रम करायचा, असा हा उफराटा मामला.

मालिकेतल्या बाहुल्यांचे चेहरे यानात घामानं डबडबतात. हा तपशील मात्र निम्मा खरा आहे. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाचं, म्हणजे किरीटाचं किंवा करोनाचं, तापमान दहा लाख अंशांच्या वर असतं. पण किरीट अतिशय विरळ. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात, त्या हजारभर अंश तापलेल्या असतात, तरी हात भाजत नाही. ठिणगीत पदार्थच इतका थोडा असतो की तिच्याकडे द्यायला उष्णता नसते. किरीटातल्या कणांचं तसंच आहे. यान तापतं ते मुख्यतः सूर्यप्रकाशानं, आणि प्रकाश अडवायला सावली पुरते. पार्करची सावली म्हणजे जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर जाडीची ढाल: कार्बनच्या दोन पत्र्यांमध्ये कार्बनचाच फेस. ढालीची पुढची बाजू जवळजवळ १४०० अंश सेल्सिअस सोसेल अशी बनवली आहे. मागची बहुतेक उपकरणं त्याच वेळी पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारपेक्षाही सुखात असतात, ३० अंशांच्या आसपास.

पण ही सावली हलली तर संपलंच. मालिकेत यानावरची मंडळी आणि तळावरचे लोक शेजारच्या खोलीतून बोलावं तसे बोलतात. प्रत्यक्षात सूर्याच्या अंतरावरून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोहोचायला आठ मिनिटांहून अधिक लागतात, उत्तर परत जायला तेवढीच. हिमालयातून ‘आता पेटव’ म्हणेपर्यंत वर कोळसा झालेला असेल! म्हणून पार्करच्या ढालीमागे सावलीच्या कडेला काही संवेदक बसवले आहेत. त्यांच्यावर उजेडाची तिरीप पडली की यान कुणालाही न विचारता स्वतःला सरळ करतं. डिसेंबर २०२४ च्या त्या फेरीत तर संपर्क मुळातच नव्हता. ‘सुखरूप आहे’ एवढाच इशारा आला, तोही दोन दिवसांनी. ज्या ब्रेमनला चुकून हिमालयात नेलं, त्याला खरं तर सूर्याकडे धाडायचं आणि माणसांना घरी बसवायचं, हे जास्त शहाणपणाचं ठरलं असतं.

राहता राहिला तो तुकडा. तेजःशृंग म्हणजे तुटून हातात यावी अशी वस्तू नव्हे. चुंबकीय क्षेत्राच्या कमानीत तोलून धरलेला तो आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित कणांचा, वायू असतो, भोवतालच्या किरीटाच्या मानानं शंभरपट थंड. क्षेत्राची पकड सुटली की तो उधळतो. अशा घडामोडी पाहायला सूर्यापाशी जायलाच हवं असंही नाही. भारताचं आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून, म्हणजे सूर्याच्या अंतराच्या फक्त एक टक्का पुढे जाऊन, हे काम करतं. त्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं तयार झाली आहे.

पण सूर्याचा ऐवज खरोखर घरी आणला गेलाय! नासाचं ‘जेनेसिस’ हे यान ऑगस्ट २००१ मध्ये सुटलं आणि आदित्य आहे त्याच भागात दोन वर्षांहून अधिक काळ सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा कणांचा प्रवाह, झेलत राहिलं. सिलिकॉन, नीलम, सोनं अशा अतिशुद्ध चकत्यांमध्ये सूर्यातून आलेले अणू येऊन रुतत होते. सगळे मिळून वजन एका मिलिग्रॅमच्याही आत. ८ सप्टेंबर २००४ रोजी कुपी अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटावर परतली. ती हवेतच अलगद टिपायला हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. पण हवाई छत्री उघडलीच नाही. वेग मंदावल्याचं ओळखून छत्रीला हुकूम देणारे स्विच उलटे बसवले गेले होते! कुपी ताशी तीनशे किलोमीटर वेगानं जमिनीत रुतली.

शास्त्रज्ञांनी फुटक्या चकत्यांचे हजारो तुकडे वेचले आणि चिखल-माती धुऊन काढली. सौरवाऱ्यातले अणू पृष्ठभागाच्या किंचित आत शिरलेले असल्यामुळे वरची घाण त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. २०११ मध्ये त्या तुकड्यांमधून निष्कर्ष हाती आला: सूर्यात ऑक्सिजन-१६ चं, म्हणजे ऑक्सिजनच्या सर्वांत हलक्या स्थिर प्रकाराचं, प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा जास्त आहे. एकाच तेजोमेघातून जन्मलेल्या या दोघांचा ऑक्सिजन वेगळा का, यावर अजून वाद चालू आहे.